नऊ साइट्स, एक मेनू: वर्डप्रेस मल्टीसाइटमधलं सामायिक नेव्हिगेशन

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ शक्य तितके काढलेत, सगळे नाही.

००:००

आज मेनूबद्दल बोलायचंय. हॉटेलातला नाही, वेबसाइटच्या डोक्यावर असतो तो. अर्ध्या लोकांना वाटेल की यात बोलण्यासारखं काय आहे, चार लिंका टाकायच्या आणि मोकळं व्हायचं. एक साइट असेल तर खरंच तसंच आहे. पण एकाच संस्थेच्या आठ-दहा साइट्स असतील आणि सगळ्यांवर वरची पट्टी एकच हवी असेल, तर खरी गंमत तिथे सुरू होते.

उदाहरण मी केलेल्या कामाचंच घेते. पश्चिम महाराष्ट्रातली एक शिक्षण संस्था. नाव सांगत नाही, गरजही नाही, अशा संस्था तुमच्या जिल्ह्यातही चार तरी असतील. संस्थेची एक मुख्य साइट, आणि इंजिनीअरिंग, पॉलिटेक्निक, फार्मसी, सीनियर कॉलेज, बी.एड. वगैरे धरून आठ कॉलेजांच्या आठ. एकूण नऊ. सगळ्या एकाच वर्डप्रेस मल्टीसाइटवर. मल्टीसाइट म्हणजे वर्डप्रेस एकदाच बसवायचं आणि त्याच्या पोटात हव्या तितक्या साइट्स चालवायच्या.

आमच्याकडे काम आलं तेव्हा ही वरची पट्टी नऊ ठिकाणी हाताने बनवलेली होती. संस्था, महाविद्यालये, प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा, तक्रार निवारण, संपर्क. सुरुवातीला कुणीतरी बसून नऊ वेळा तेच काम नीट केलं असणार. मग एका कॉलेजने ‘प्रवेश’ काढून तिथे स्वतःचं माहितीपत्रक लावलं. दुसऱ्याने ‘तक्रार निवारण’ कुठल्या तरी उपमेनूत ढकललं. दोन-तीन वर्षांत नऊ मेनू नऊ दिशांना गेले.

यातलं ‘शिष्यवृत्ती’ सगळ्यात महत्त्वाचं. मुख्य साइटवर दर वर्षी नवीन पान तयार व्हायचं: महाडीबीटी पोर्टलवर अर्ज कसा भरायचा, कुठली कागदपत्रं लागतात, कॉलेजकडे कधीपर्यंत जमा करायची. तीन कॉलेजांच्या मेनूत मात्र मागच्या वर्षीचंच पान जोडलेलं होतं. लिंक तुटलेली असती तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी बोंब मारली असती. पान उघडत होतं, छान दिसत होतं, फक्त एक वर्ष जुनं होतं. कार्यालयातल्या मॅडम मला म्हणाल्या, “अहो, एक मुलगी सगळी फाइल लावून आली, आणि उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा. मोबाइलमध्ये पान दाखवते मला, हे बघा तुमच्याच साइटवर लिहिलंय म्हणून. मी काय बोलणार?” मुदत संपायला दोन दिवस होते आणि तहसीलमधून नवीन दाखला दोन दिवसांत मिळत नसतो.

तर मागणी अशी होती: मुख्य साइटवर एकदा बदल करायचा आणि तो नऊ ठिकाणी दिसायचा. सांगायला एक ओळ.

०३:४०

आता पहिला प्रश्न. वर्डप्रेस हे आपोआप का करत नाही? मल्टीसाइट आणि मेनू बनवायची आजची सोय, दोन्ही गोष्टी वर्डप्रेसमध्ये एकाच आवृत्तीत आल्या, ३.० मध्ये, जून २०१० ला. त्याआधी मल्टीसाइट हा ‘वर्डप्रेस एमयू’ नावाचा वेगळा प्रकल्प होता, तो ३.० मध्ये मुख्य वर्डप्रेसमध्ये सामावला. म्हणजे दोघे जुळे भाऊ, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

कारण साठवणुकीत आहे. मल्टीसाइट म्हणजे एक हाउसिंग सोसायटी समजा. गेट एक, वॉचमन एक, रहिवाशांचं रजिस्टर एक. वर्डप्रेसमध्ये हे रजिस्टर म्हणजे वापरकर्त्यांचा टेबल, तो सगळ्या साइट्सना सामायिक असतो. पण प्रत्येक फ्लॅटचं स्वयंपाकघर वेगळं. पोस्ट्सचा टेबल, त्यांच्या मेटाचा टेबल, वर्गवारीचा टेबल, सेटिंग्जचा टेबल, हे सगळं प्रत्येक साइटचं स्वतःचं. टेबलाच्या नावात साइटचा नंबर असतो: दुसऱ्या साइटचा ‘डब्ल्यूपी २ पोस्ट्स’, तिसऱ्याचा ‘डब्ल्यूपी ३ पोस्ट्स’.

आणि मेनू राहतो या स्वयंपाकघरात. वर्डप्रेसच्या दृष्टीने मेनू ही एक वर्गवारी आहे, जशी ब्लॉगवर ‘प्रवास’ किंवा ‘पाककृती’ असते तशीच. मेनूतली प्रत्येक लिंक ही एक पोस्ट आहे, फक्त तिचा प्रकार ‘नॅव्ह मेनू आयटम’. त्या पोस्टच्या मेटामध्ये लिहिलेलं असतं की ही लिंक कुठल्या पानाकडे जाते, आणि ते लिहिलेलं असतं पानाच्या नंबराने. ‘पान नंबर ४२.’ कुठल्या साइटचं ४२, हे लिहायची सोयच नाही, कारण गृहीतच असं आहे की आपल्याच घरातलं. कुठला मेनू थीममध्ये कुठे दिसणार हेही प्रत्येक साइटच्या सेटिंग्जमध्ये स्वतंत्र.

हे चूक आहे असं मी म्हणणार नाही. बहुतेक मल्टीसाइट्सना एकमेकींचा मेनू नकोच असतो. पण आपल्याला हवा आहे, आणि तो ‘४२’ पुढे आपल्याला त्रास देणार आहे. लक्षात ठेवा.

०६:१०

रस्ते कुठले होते? सगळ्यात सोपा म्हणजे मेनू थीमच्या फाइलमध्येच लिहून टाकायचा. सात ओळींचं एचटीएमएल, नऊ साइट्सची थीम एक, विषय संपला. लोक यावर हसतात, मी हसत नाही. तुमच्या लिंका वर्षानुवर्षं बदलत नसतील तर हाच उत्तम उपाय आहे, आणि पुढचं ऐकायचीही गरज नाही. आमच्याकडे शिष्यवृत्तीचं पान ऐन हंगामात बदलतं, आणि ते बदलणारी व्यक्ती कार्यालयात बसते. तिने प्रत्येक वेळी मला फोन करायचा, मी कोड बदलून वर चढवायचा, हे चालणार नव्हतं.

दुसरा रस्ता, मुख्य साइटवर मेनू जतन झाला की त्याच्या प्रती आठ साइट्सवर पाठवायच्या. असं करणारे प्लगइन आहेत. पण प्रत म्हटली की कुणीतरी ती तिथे उघडून बदलणार, आणि पुढच्या वेळी त्याचा बदल पुसला जाणार. मग फोन येणार, “आमचा मेनू कुणी उडवला?”

तिसरा, प्रत्येक पान ब्राउझरमध्ये उघडल्यावर जावास्क्रिप्टने मुख्य साइटकडून मेनू मागवायचा. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडवर उभं राहून फोनवर साइट उघडणाऱ्या मुलाला आधी मेनूशिवाय पान दिसतं, मग दोन सेकंदांनी वरून पट्टी येते आणि सगळं पान खाली सरकतं. तो ज्या लिंकवर बोट ठेवणार होता तिथे भलतंच काही येतं. शिवाय वर्डप्रेसचे मेनूसाठीचे रेस्ट एपीआय ५.९ पासून आहेत खरे, पण ते मुळात अधिकार असलेल्या वापरकर्त्यालाच उत्तर देतात, कुणाही पाहुण्याला नाही. तेही सोडवता येतं, पण हा रस्ता मला पहिल्यापासून आवडला नव्हता.

चौथा रस्ता म्हणजे ‘स्विच टू ब्लॉग’. इंटरनेटवर शोधलंत तर हेच उत्तर सगळीकडे मिळतं. इथे जरा थांबूया.

०८:५५

स्विच टू ब्लॉग हे वर्डप्रेसचं फंक्शन आहे. त्याला साइटचा नंबर द्यायचा, की पुढचा कोड त्या साइटच्या टेबलांवर चालतो. काम झालं की ‘रिस्टोअर करंट ब्लॉग’ म्हणायचं, की परत आपल्या घरी. म्हणजे फार्मसी कॉलेजचं पान तयार होत असताना मुख्य साइटवर उडी मारायची, तिथला मेनू छापायचा, परत यायचं. तीन ओळी. पहिल्या दिवशी चालतंही.

पण हे फंक्शन नक्की काय बदलतं ते बघा. टेबलाच्या नावातला नंबर बदलतं, चालू साइटचा नंबर बदलतं, ऑब्जेक्ट कॅशला कळवतं. आणि काय बदलत नाही? प्लगइन. थीम. नोंदवलेले पोस्ट प्रकार. पानाची विनंती आली तेव्हा फार्मसीच्या साइटचे प्लगइन लोड झाले, तेच राहतात. तुम्ही शेजाऱ्याच्या घरात गेलात, पण चष्मा तुमचाच आहे.

मुख्य साइटवर ‘सूचना’ नावाचा एक खास पोस्ट प्रकार होता, आणि तो नोंदवणारा प्लगइन फक्त तिथेच चालू होता. मेनूत एक लिंक अशाच एका सूचनेची होती. फार्मसीच्या साइटवरून उडी मारून मेनू वाचला की वर्डप्रेस विचारतं, “हा ‘सूचना’ प्रकार कुठला?” त्याला सापडत नाही. मग ते त्या लिंकला अवैध ठरवतं आणि छापतानाच गाळून टाकतं. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. मुख्य साइटवर सात लिंका, बाकी आठ ठिकाणी सहा. चाचणी करणाऱ्याने मुख्य साइटच बघितली तर कुणालाही कळणार नाही.

आता तो ४२. समजा मुख्य साइटवर पान ४२ म्हणजे ‘शिष्यवृत्ती’. फार्मसीच्या साइटवरही पान ४२ आहे, कारण प्रत्येक साइटचे नंबर एकपासून सुरू होतात. तिथलं ४२ म्हणजे ‘ग्रंथालय’. आता विद्यार्थ्याने फार्मसीचं ग्रंथालय उघडलं. मेनू छापताना वर्डप्रेस बघतं की सध्या उघडलेल्या पानाचा नंबर काय, तर ४२. मेनूतल्या लिंकचा नंबर काय, तर ४२. जुळलं! म्हणून ‘शिष्यवृत्ती’ला ‘तुम्ही इथे आहात’चा क्लास लावतं. ग्रंथालयात बसलेल्या माणसाला पट्टी सांगते तू शिष्यवृत्तीच्या पानावर आहेस. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या मुलाला तर हे ठळक रंगात नाही, थेट शब्दांत ऐकू येतं.

आम्हाला हे चाचणीतच दिसलं, कारण साइट्स एकाच साच्यातून बनवलेल्या होत्या आणि नंबर फार जुळत होते. साइट्स वेगवेगळ्या वाढलेल्या असतील तर कुठेतरी एखाद्याच पानावर दिसेल, आणि तुम्ही सीएसएसमध्ये दोष शोधत बसाल.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे परत यायला विसरणं. उडी मारल्यावर मध्येच फंक्शन ‘मेनू सापडला नाही’ म्हणून बाहेर पडलं आणि रिस्टोअरची ओळ चाललीच नाही, तर पानाचा उरलेला भाग मुख्य साइटच्या टेबलांवरून तयार होतो. फार्मसीच्या फूटरमध्ये भलत्याच साइटच्या ताज्या बातम्या. स्विच जितके, रिस्टोअर तितकेच, हा नियम पाळता येतो. पण मुळात उडीच का मारावी?

१२:३०

आम्ही दिशा उलटी केली. आठ साइट्सनी मुख्य साइटकडे जाऊन मेनू वाचायचा नाही. मुख्य साइटने मेनू जतन होतानाच त्याची तयार यादी बनवायची आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायची. बाकीच्यांनी फक्त बोर्ड वाचायचा.

हा बोर्ड म्हणजे नेटवर्क ऑप्शन. मल्टीसाइटमध्ये ‘साइट मेटा’ नावाचा एक टेबल असतो, तो अख्ख्या नेटवर्कचा एकच. त्यात आम्ही एक साधी यादी ठेवली: प्रत्येक लिंकचं नाव, पूर्ण पत्ता, तिचा पालक कोण, क्रम काय, आणि ती एखाद्या कॉलेजच्या साइटची असेल तर त्या साइटचा नंबर. बस. पोस्टचे नंबर नाहीतच, त्यामुळे ४२ चं भांडण संपलं. यादी मुख्य साइटवरच बनते, तिथे सगळे प्लगइन हजर असतात, त्यामुळे ‘सूचना’ गळत नाही. आणि पान छापताना उडी नाही, म्हणून परत यायचा प्रश्न नाही.

ट्रान्झियंट का नाही, असं एकाने विचारलं होतं. ट्रान्झियंट म्हणजे मुदतीचा माल, कधीही उडू शकतो. तो फार्मसीच्या साइटवर उडाला तर पुन्हा बनवणार कोण? परत उडीच मारावी लागेल. म्हणून कायमचा ऑप्शन.

बनवताना दोन बारकावे. एक, मेनू जतन झाल्याचा ‘डब्ल्यूपी अपडेट नॅव्ह मेनू’ हा हुक मेनूच्या पडद्यावर एकदा ‘सेव्ह’ दाबलं तरी दोनदा वाजतो: आधी मेनूचं नाव जतन होताना, मग लिंका जतन झाल्यावर. पहिल्या घंटेला यादी बनवली तर ती जुनी. म्हणून हुकवर फक्त ‘यादी शिळी झाली’ अशी खूण करायची आणि विनंती संपताना एकदाच बनवायची. दोन, पाहुण्यांसाठी मेनू वाचताना वर्डप्रेस अवैध लिंका गाळतं, पण अॅडमिनच्या बाजूला गाळत नाही, कारण संपादकाला त्या दिसायला हव्यात. आपली यादी अॅडमिनच्या बाजूलाच बनते. म्हणजे ही गाळणी आपण स्वतः लावायची, नाहीतर कचऱ्यात टाकलेल्या पानाची लिंक नऊ ठिकाणी झळकेल.

मेनू न उघडता मेनू बदलतो, हेही ध्यानात घ्या. कुणी पानाचं शीर्षक बदललं, स्लग बदलला, पान कचऱ्यात टाकलं, तर मेनूचा हुक वाजत नाही. वर्डप्रेस पोस्टचा जुना स्लग लक्षात ठेवून नव्याकडे वळवतं, पण पानांसाठी ती नोंद ठेवत नाही. फार तर पत्त्यावरून अंदाज बांधतं. म्हणून पान जतन होण्याच्या आणि कचऱ्यात जाण्याच्या हुकवरही तीच शिळेपणाची खूण लावली.

१५:२०

‘तुम्ही इथे आहात’ आता आपल्यालाच ठरवायचं. कॉलेजची लिंक असेल तर सोपं: यादीतला साइटचा नंबर आणि चालू साइटचा नंबर जुळला की ती लिंक ठळक. पानाची लिंक असेल तर पत्ता ताडून बघायचा.

पत्ता ताडणं मराठी साइटवर जरा वेगळं आहे. स्लग देवनागरीत असेल तर वर्डप्रेस तो टक्के-चिन्हांच्या रूपात साठवतं, आणि त्यातली अक्षरं लहान लिपीत. ब्राउझर तोच पत्ता मोठ्या लिपीत पाठवू शकतो. डोळ्याला एकच, संगणकाला दोन. दोन्ही बाजू आधी उलगडून मग ताडायच्या.

विषय निघालाच आहे तर, देवनागरी स्लग मी टाळते. मराठीच्या प्रेमात कमी पडते म्हणून नाही. देवनागरीतल्या एका चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात, आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात, म्हणजे एका चिन्हाची ९. स्लगच्या रकान्यात जागा २०० अक्षरांची. झाला हिशोब, २२ चिन्हं. त्यात काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळं चिन्ह. ‘शिष्यवृत्ती अर्ज मार्गदर्शन’ एवढ्यातच संपतं. आणि तोच पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला तर टक्केच टक्के दिसतात, लोकांना फसवणुकीची लिंक वाटते. मेनूतलं नाव मराठी, पत्ता रोमनमध्ये, हे आमचं धोरण.

आणि पत्ते नेहमी पूर्ण ठेवा, डोमेनसकट. फार्मसीचं स्वतःचं डोमेन होतं. ‘/शिष्यवृत्ती’ असा अर्धा पत्ता ठेवला तर तो फार्मसीच्याच डोमेनवर उघडायचा प्रयत्न होतो आणि तिथे ते पान नाही.

१७:३०

सगळं चालू झालं, मेनू बदलला, आणि कॉलेजांच्या साइट्सवर जुनाच दिसतोय. हे होणार, घाबरू नका. पूर्ण पानाची कॅश असते ना, तिच्यात मेनूसकट छापलेलं पान पडलेलं आहे. आपण बोर्ड बदलला, पण लोकांकडे बोर्डाचे फोटो आहेत.

सोपा उपाय म्हणजे मेनू बदलला की नऊ साइट्सची सगळी कॅश उडवायची. जूनमध्ये दुपारी बाराला, गुणवत्ता यादी लागलेली असताना हे करून बघा. नऊ साइट्सची सगळी पानं एकदम नव्याने तयार व्हायला लागतात आणि सर्व्हर बसतो. शिष्यवृत्तीची लिंक बरोबर, साइट बंद.

इथे सरळ निवड करावी लागते की बदल किती मिनिटांत दिसायला हवा. आम्ही कार्यालयाला विचारलं. त्यांचं उत्तर, “पंधरा मिनिटं चालतील हो, वर्ष चालत नाही.” मग मुख्य साइटची कॅश लगेच, आणि बाकी आठची एकेक करून, मध्ये मिनिट-दीड मिनिट सोडून. हे काम वर्डप्रेसच्या स्वतःच्या क्रॉनवर सोडलं नाही, कारण तो कुणीतरी साइटवर आलं तरच जागा होतो, आणि बी.एड.च्या साइटवर रात्री कोण येणार? सर्व्हरचा खरा क्रॉन लावला. त्यानंतरच्या हंगामात कागदपत्रांची यादी मध्येच बदलली तेव्हा कार्यालयातल्या मॅडमनी मुख्य साइटवर नवीन पान जोडलं आणि पाऊण चहात ते नऊ ठिकाणी पोचलं. मला फोन आला तो फक्त सांगायला.

१९:४५

आता माणसांबद्दल. खरं सांगायचं तर कोडपेक्षा जास्त वेळ इथे गेला.

सामायिक पट्टी म्हटल्यावर प्रत्येक प्राचार्यांना त्यात आपलं काहीतरी हवं होतं. एकांना नॅक वर हवं, एकांना एनआयआरएफ, एकांना एआयसीटीईचं मँडेटरी डिस्क्लोजर. चुकीचं नाही, समिती येते तेव्हा साइटवर हे पटकन सापडावं लागतं. पण समिती काही वर्षांतून एकदा येते आणि मुलं रोज येतात. बैठकीत एक सर म्हणाले, “मॅडम, मग आमच्या कॉलेजची ओळख कुठे राहिली?” प्रश्न रास्त होता. फार्मसीच्या साइटवर आलेल्या माणसाला आधी फार्मसी दिसायला हवी.

म्हणून दोन थर केले. वरची अरुंद पट्टी संस्थेची, सात लिंका, त्याहून एकही जास्त नाही. खालचा मोठा मेनू कॉलेजचा, तिथे नॅक, प्लेसमेंट, ग्रंथालय, काय हवं ते, तो पूर्णपणे त्यांच्या हातात. फोनवर एकच ‘मेनू’ बटण. उघडलं की आधी कॉलेजच्या लिंका, खाली संस्थेच्या. अपवाद दोन: शिष्यवृत्ती आणि तक्रार निवारण फोनवरही सगळ्यात वर. तक्रार निवारणावर एक-दोघांनी नाक मुरडलं, “एवढं ठळक कशाला?” मी म्हणाले, सर, ज्याला लागेल त्याला शोधत बसायला लावू नका. संस्थेच्या सचिवांनी ते उचलून धरलं, नाहीतर माझं कोण ऐकणार होतं.

अधिकारांचीही एक गाठ आहे. वर्डप्रेसमध्ये एडिटरला मेनू बदलता येत नाही, त्यासाठी ‘एडिट थीम ऑप्शन्स’ हा हक्क लागतो आणि तो अॅडमिनकडे असतो. कार्यालयातल्या मॅडमना पूर्ण अॅडमिन करणं जड होतं. त्यांच्यासाठी एडिटर अधिक तो एक हक्क अशी भूमिका बनवली. मात्र हा हक्क मेनूपुरता नसतो, विजेट्स आणि कस्टमायझरही त्याच्यासोबत उघडतात. ते पडदे त्यांच्यापुरते लपवले. लपवणं म्हणजे कुलूप नव्हे, हे मला माहीत आहे. पण इथे भीती चुकून हात लागण्याची होती, चोरीची नव्हती.

२३:००

ब्लॉक थीमवाले विचारतील, आमचं काय? ५.९ पासून, म्हणजे जानेवारी २०२२ पासून, नेव्हिगेशन ब्लॉक आलाय. त्याचा मेनू वेगळ्या पोस्ट प्रकारात राहतो, आणि टेम्प्लेटमध्ये त्याचा उल्लेख पुन्हा नंबरानेच. टेम्प्लेट दुसऱ्या साइटवर नेलं की तो नंबर तिथे दुसऱ्याच कशाचा तरी असतो किंवा नसतोच. जुनंच दुखणं. आमची यादी मात्र तशीच चालते: सर्व्हरवर छापला जाणारा एक छोटा ब्लॉक लिहायचा, तो बोर्ड वाचतो आणि छापतो.

हे दुखणं वर्डप्रेसपुरतं नाही. शेअरपॉइंटमध्येही मेनू बराच काळ एका साइट कलेक्शनच्या कुंपणात अडकलेला असायचा. २०१८ मध्ये हब साइट्स आल्या, तेव्हा अनेक साइट्सना वरची एक पट्टी मिळायला लागली. तिथेही स्थानिक मेनू वेगळाच राहतो, म्हणजे दोन थर आलेच.

शेवटचा प्रश्न एका श्रोत्याचा: “आमच्या साइट्स मल्टीसाइटवर नाहीत, सहा वेगळी वर्डप्रेस आहेत, दोन तर वेगळ्या होस्टिंगवर. मग?” मग सामायिक टेबल नाही, बोर्ड बाहेर लावावा लागेल. मुख्य साइटने हीच यादी एका साध्या जेसन फाइलमध्ये लिहायची. बाकीच्या साइट्सनी ती सर्व्हरच्या बाजूने, क्रॉनमधून, दहा-पंधरा मिनिटांनी आणायची आणि आपल्याकडे साठवायची. पान छापताना कधीच आणायची नाही, नाहीतर मुख्य साइट अडकली की सहाही अडकतील. आणलेली फाइल रिकामी किंवा अर्धवट असेल तर टाकून द्यायची, आधीची चांगली प्रत ठेवायची. मेनू पंधरा मिनिटं जुना दिसला तर चालतं, गायब झालेला चालत नाही. फाइलमध्ये एक आवृत्ती क्रमांक ठेवा, म्हणजे कुठल्या साइटवर कुठली प्रत आहे ते बघता येतं. आम्ही तो पट्टीच्या एचटीएमएलमध्ये कॉमेंट म्हणून छापतो, ‘व्ह्यू सोर्स’ केलं की कळतं.

चला, भाग लांबला. पुढच्या वेळी याच नऊ साइट्सचा सामायिक शोध, म्हणजे एका खोक्यात टाइप केलं की नऊ ठिकाणचं सापडायला हवं, त्याबद्दल बोलू. तो या मेनूपेक्षा बराच वाईट अनुभव आहे.